घराच्या चार भिंतींत उभे राहिलेले ज्ञानालय : इमाम मजदुद्दीन इब्नुल असीर (रह.)

आरोग्य आणि फुरसत या अल्लाहच्या दोन मोठ्या देणग्या आहेत आणि बहुतेक माणसे त्यांच्या बाबतीत तोट्यातच राहतात, अशी जाणीव आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आपल्याला करून दिली आहे. यातील पहिली देणगी हिरावली गेली की दुसरी आपोआप पदरात पडते. परंतु ती देणगी वाटत नाही, शिक्षा वाटते. दीर्घ आजार, अपघात, वार्धक्य, निवृत्ती, सुटलेली नोकरी किंवा घरातील रुग्णाची अखंड शुश्रूषा अशा कारणांनी ज्याचे जग एका खोलीपुरते उरले आहे, त्याला हा अनुभव सांगावा लागत नाही. सकाळ उजाडते आणि दिवसभर करायचे काय, हा प्रश्न उशाशी येऊन बसतो. शरीराचा आजार एका जागी असतो. रिकामपणाचा आजार मात्र सगळ्या मनभर पसरतो. मग निराशा येते, चिडचिड येते, आणि आपला आता कुणाला उपयोग नाही हा विचार माणसाला आतून पोखरू लागतो.

इस्लामच्या इतिहासात असा एक थोर विद्वान होऊन गेला की, ज्याचे पाय गेले, हात गेले, लेखणी धरण्याची शक्तीही गेली आणि ज्याला आयुष्याची अखेरची वर्षे घरात बसून काढावी लागली. त्या घरातून बाहेर पडलेले ग्रंथ आज आठशे वर्षांनंतरही हदीसच्या प्रत्येक मदरशात, प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात हाताळले जातात. त्यांचे नाव इमाम मजदुद्दीन अबुस्सआदात मुबारक बिन मुहम्मद, म्हणजेच इब्नुल असीर अल्-जजरी (रह.).

घराणे आणि शिक्षण

दजला नदीच्या काठी जजीरत इब्न उमर नावाचे एक गाव आहे. आज ते तुर्कस्तानच्या आग्नेय भागात असून जिझ्रे या नावाने ओळखले जाते. या गावी हिजरी ५४४ मध्ये, म्हणजे इ. स. ११४९ मध्ये मजदुद्दीन यांचा जन्म झाला. 'जजरी' हे त्यांच्या नावापुढील विशेषण या गावावरूनच आले. घराणे अरबांच्या शैबान कबिल्याशी नाते सांगणारे. वडील मुहम्मद बिन अब्दुल करीम हे त्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या झंगी घराण्याच्या सेवेत अधिकारी होते. 'असीरुद्दीन' या त्यांच्या उपाधीमुळे मुले 'इब्नुल असीर' म्हणजे असीरचे पुत्र म्हणून प्रसिद्ध झाली.

या घरात तीन भाऊ जन्मले आणि तिघांनीही आपापल्या क्षेत्रात अढळ स्थान मिळवले. थोरले मजदुद्दीन हदीस व भाषेचे इमाम. मधले इज्जुद्दीन अली हे 'अल्-कामिल फित्तारीख' या विख्यात इतिहासग्रंथाचे आणि सहाबांची चरित्रे सांगणाऱ्या 'उस्दुल गाबा'चे लेखक. धाकटे जियाउद्दीन नसरुल्लाह हे लेखनकलेवरील 'अल्-मसलुस्साइर' या ग्रंथाचे कर्ते. इब्नुल असीर हे नाव वाचले की तिघांपैकी कोण, हे विद्यार्थ्याला आधी विचारून घ्यावे लागते, ते याच कारणाने.

हिजरी ५६५ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, मजदुद्दीन मोसूल शहरी आले. मोसूल हे त्या काळी उत्तर इराकचे विद्याकेंद्र आणि झंगी सत्तेची राजधानी होते. तेथे त्यांनी इब्नुद्दह्हान यांच्याकडे अरबी व्याकरणाचे आणि मूळचे कुर्तुब्याचे असलेले विद्वान यह्या बिन सअदून यांच्यासारख्या गुरूंकडे इतर शास्त्रांचे अध्ययन केले. हजच्या प्रवासात बगदादला थांबून तेथील हदीसवेत्त्यांकडून श्रवण केले. कुरआनची व्याख्या, हदीस, शाफई फिकह, व्याकरण, हिशेब आणि पत्रलेखन अशा अनेक अंगांनी त्यांची तयारी झाली.

दरबाराची वर्षे

शिक्षण पूर्ण झाल्यावर या तरुणाला सत्तेने हेरले. त्या काळी राज्यकारभारात पत्रलेखनाच्या खात्याला फार महत्त्व होते. दुसऱ्या सुलतानाला जाणारे पत्र, तह, नेमणुकीचे फर्मान, शोकसंदेश या सर्वांचा मजकूर भाषेवर प्रभुत्व असलेल्या माणसाच्या हातून उतरावा लागे. मजदुद्दीन प्रथम मोसूलचे प्रबळ अधिकारी मुजाहिदुद्दीन कैमाज यांचे लेखक झाले. पुढे मोसूलचे शासक इज्जुद्दीन मसऊद यांच्या पत्रलेखन खात्याची धुरा त्यांच्याकडे आली. मसऊद यांच्यानंतर त्यांचे पुत्र नूरुद्दीन अर्सलान शाह इ. स. ११९३ मध्ये गादीवर आले आणि त्यांच्या काळात मजदुद्दीन यांचा मान आणखी वाढला.

हा काळ धामधुमीचा होता. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांनी ११८२ आणि ११८५ मध्ये मोसूलला वेढा दिला होता. अखेरीस तह झाला. अशा काळात दरबारातील माणसाचे जीवन बाहेरून वैभवाचे आणि आतून धास्तीचे असते. आज ज्याची मर्जी आहे तो उद्या कैदेत असतो. मजदुद्दीन यांचे पहिले आश्रयदाते कैमाज यांनाही एकदा अटक झाली होती. वजीरपद स्वीकारावे म्हणून मजदुद्दीन यांना आग्रह झाला, तेव्हा त्यांनी नकार दिला. हे काम थोडाफार जुलूम केल्याशिवाय तडीस जात नाही आणि ज्ञानात वय घालवलेल्या माणसाला ते शोभत नाही, असा त्यांचा त्यामागील विचार होता. पदाची शिडी चढत असतानाही तिच्या वरच्या टोकाला काय आहे, हे त्यांना दिसत होते.

हात आणि पाय थांबले

अशा वेळी आजार आला. प्रसिद्ध चरित्रकार इब्न खल्लिकान यांनी नोंदवले आहे की, या आजाराने त्यांचे हात आणि पाय दोन्ही निकामी केले आणि लिहिणे पूर्णपणे बंद पडले. ते घरातच राहू लागले.

या घटनेचे गांभीर्य थोडे थांबून लक्षात घेतले पाहिजे. सुताराचे पाय गेले तर हातांनी तो काही करू शकतो. शिक्षकाचे हात गेले तर जिभेने तो शिकवू शकतो. मजदुद्दीन यांचे सारे जीवन लेखणीवर उभे होते. लेखणी हीच त्यांची रोजी, तीच प्रतिष्ठा आणि तीच ओळख. नेमकी तीच हातातून गळाली. ज्याच्या अक्षराची राजे वाट पाहत, त्याला स्वतःचे नाव लिहिणेही शक्य राहिले नाही. त्यांनी आता जगाकडे पाठ फिरवून केवळ मृत्यूची वाट पाहिली असती, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता.

घडले ते उलट. इब्न खल्लिकान यांच्या कानी आलेली माहिती अशी की, मजदुद्दीन यांचे ग्रंथ याच असहाय अवस्थेतील वर्षांत रचले गेले, कारण आता त्यांना त्यासाठी फुरसत मिळाली होती. निवड करण्याच्या व लिहून घेण्याच्या कामात मदत करणारी काही माणसे त्यांच्याजवळ असत. म्हणजे डोके त्यांचे आणि हात दुसऱ्यांचे. आपला हात चालत नाही म्हणून आपले कामही थांबले, असे त्यांनी मानले नाही. मदत मागण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही आणि मदत करणाऱ्यांनाही त्या सहवासात असे शिक्षण मिळाले असेल, जे एरवी क्वचितच वाट्याला येते.

एकेका शब्दाची सेवा

त्यांच्या कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे घरात बसलेल्या माणसाने काम कसे निवडावे, याचाही बोध होतो.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ 'अन्-निहाया फी गरीबिल हदीस वल्-असर'. हदीसमध्ये असे अनेक शब्द येतात की जे सामान्य वाचकाला अपरिचित असतात. पैगंबर (स.) यांच्याकडे अरबस्तानच्या कानाकोपऱ्यांतून कबिल्यांची शिष्टमंडळे येत आणि ते ज्याच्या-त्याच्या बोलीत संवाद साधत. सहाबांना ते समजे. न समजल्यास ते विचारून घेत. पुढे इस्लाम दूरदूरच्या देशांत पोहोचला, अरबेतर लोक मोठ्या संख्येने त्यात आले, बोली मिसळल्या आणि पिढ्यांगणिक जुने शब्द दुर्बोध होत गेले. शब्द कळला नाही तर हुकूम कळत नाही आणि हुकूम कळला नाही तर आचरण चुकते. म्हणून विद्वानांनी अशा शब्दांचे कोश रचले. हेरातचे अबू उबैद अल्-हरवी आणि इस्फहानचे अबू मूसा अल्-मदीनी यांचे ग्रंथ त्यांत विशेष मान्यता पावले होते.

मजदुद्दीन यांनी हे दोन्ही ग्रंथ एकत्र केले, स्वतःच्या वाचनातून सापडलेल्या शब्दांची त्यांत भर घातली आणि सर्व शब्द वर्णानुक्रमाने लावले. येथे त्यांच्या प्रामाणिकपणाची एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. हरवींकडून घेतलेल्या मजकुराजवळ त्यांनी एका अक्षराची खूण ठेवली, अबू मूसांकडून घेतलेल्या मजकुराजवळ दुसऱ्या अक्षराची. ज्याला खूण नाही, ते इतरत्र मिळवलेले. दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपवायचे नाहीत, हा अमानतदारीचा धडा त्या दोन छोट्या खुणांत आहे.

दुसरी गोष्ट करुणेची. अरबी शब्दकोशात शब्द त्याच्या मूळ धातूखाली शोधायचा असतो. काही शब्दांच्या आरंभी जादा अक्षर जोडलेले असते आणि नवख्या विद्यार्थ्याला ते ओळखता येत नाही. तो भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. मजदुद्दीन यांनी असे काही शब्द विद्यार्थी जेथे शोधील तेथेच, म्हणजे दिसणाऱ्या पहिल्या अक्षराखाली ठेवले आणि मूळ धातू निराळा आहे हे सांगून टाकले, जेणेकरून लेखकालाच ते ठाऊक नव्हते असा कोणाचा समज होऊ नये. स्वतः हालचाल करू न शकणारा हा माणूस दुसऱ्याच्या चार पावलांचे श्रम कसे वाचतील, याची काळजी करत होता.

पुढे इब्न मंजूर यांनी 'लिसानुल अरब' हा अरबीचा महाकोश ज्या पाच ग्रंथांच्या आधारे रचला, त्यांत 'निहाया' एक आहे. इमाम सुयूती (रह.) यांनी तिचा संक्षेप केला. आजही हदीसचा विद्यार्थी कठीण शब्दाशी अडला की उस्ताद त्याला 'निहाया' पाहायला सांगतात.

दुसरा मोठा ग्रंथ 'जामिउल उसूल फी अहादीसिर्रसूल'. मुवत्ता, बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी आणि नसाई या सहा मूलभूत संग्रहांतील हदीसी यात एकत्र आणल्या आहेत. मूळ कल्पना अंदलुसचे विद्वान रजीन यांच्या ग्रंथाची होती; मजदुद्दीन यांनी तिला शिस्त दिली. त्यांनी कथनकर्त्यांच्या लांब साखळ्या वगळल्या, विषयांची प्रकरणे वर्णानुक्रमाने लावली, कोणती हदीस कोणत्या ग्रंथात आहे हे खुणांनी दर्शवले आणि कठीण शब्दांचे अर्थ दिले. सुमारे साडेनऊ हजार हदीसींचा हा संग्रह आहे. ज्याच्याकडे सहा ग्रंथ विकत घेण्याची किंवा ते सारे धुंडाळण्याची सोय नाही, त्याच्यासाठी ती सोय एका ठिकाणी झाली.

याशिवाय इमाम शाफई (रह.) यांच्या 'मुस्नद'वरील भाष्य, कुरआनच्या दोन प्रसिद्ध तफसीरींना एकत्र आणणारा ग्रंथ, व्याकरणावरील भाष्य, पत्रसंग्रह, आणि दुआ व अल्लाहच्या स्मरणाच्या शब्दांचे एक संकलन अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे.

या कामाची एक खासियत ध्यानात येते. ग्रंथ मोठे आहेत, पण त्यांचा घटक लहान आहे : एक शब्द, एक हदीस, एक खूण. वेदना असह्य झाली तर एका शब्दावर थांबता येते आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शब्दापासून सुरुवात करता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दिवसाला याच प्रकारचे काम झेपते. डोंगर एकदम उचलायचा नसतो. खडा-खडा वेचायचा असतो.

मगरिबहून आलेला वैद्य

त्यांच्या जीवनातील सर्वाधिक विचार करायला लावणारा प्रसंग त्यांचे बंधू इज्जुद्दीन यांनी सांगितला आहे.

मजदुद्दीन अपंगावस्थेत असताना मगरिबकडचा एक माणूस आला. आपण उपचार करू आणि गुण आल्याशिवाय मोबदला घेणार नाही, असे त्याने सांगितले. घरच्यांनी संमती दिली. त्याने स्वतः बनवलेल्या तेलाने उपचार सुरू केला. गुण दिसू लागला. आखडलेले पाय सैल झाले, ते लांब करता येऊ लागले आणि पूर्ण बरे होण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा मजदुद्दीन यांनी भावाला सांगितले की, या माणसाला समाधान होईल इतके द्रव्य द्यावे आणि निरोप द्यावा.

भाऊ चकित झाले. उपचार यशस्वी होत असताना तो थांबवायचा कशासाठी, असे त्यांनी विचारले. मजदुद्दीन यांनी दिलेले उत्तर असे की, गुण येतो आहे हे खरेच आहे. पण या सत्ताधाऱ्यांच्या संगतीपासून आणि त्यांच्या लहरी झेलण्यापासून आपली आता सुटका झाली आहे आणि मन या एकांतात स्थिरावले आहे. कालपर्यंत शरीर धड असताना त्यांच्या दारी धाव घेऊन आपण स्वतःला हलके करून घेत होतो. आज आपण घरी बसलो आहोत आणि महत्त्वाचे काम निघाले तर तेच सल्ल्यासाठी आपल्याकडे येतात. हा फरक या आजारानेच घडवला आहे. आयुष्य थोडे उरले आहे. ते तरी लाचारीशिवाय, मोकळेपणाने जगू द्यावे. इज्जुद्दीन यांनी थोरल्या भावाचे म्हणणे मानले आणि त्या वैद्याला सन्मानाने निरोप दिला.

शरीअतच्या दृष्टीने

हा प्रसंग वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, आजार जपून ठेवणे हे पुण्यकर्म आहे. पैगंबर (स.) यांनी उपचार करून घेण्याची शिकवण दिली आहे आणि अल्लाहने आजाराबरोबर औषधही निर्माण केले आहे, हे स्पष्ट केले आहे. घरातील कमावत्या माणसाने, लहान मुलांच्या आईने किंवा उपचार सहज उपलब्ध असलेल्या रुग्णाने या प्रसंगाचा आधार घेऊन औषध सोडणे योग्य होणार नाही. मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. उदासी खोल गेली, झोप-भूक उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर वैद्यकीय मदत घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबरी शिकवण तेथेही तितकीच खरी आहे.

मजदुद्दीन यांचा निर्णय त्यांच्या परिस्थितीतला होता. वय उतरले होते आणि बरे होणे म्हणजे पुन्हा त्या दरबारात उभे राहणे, जेथे दीन सांभाळणे अवघड होते. त्यांनी दोन नुकसानींची तुलना केली : शरीराचे नुकसान आणि आत्मसन्मानाचे नुकसान. त्यांना दुसरे अधिक भारी वाटले. आपण त्यांचा निर्णय जसाच्या तसा गिरवायचा नाही; त्यामागील दृष्टी घ्यायची आहे. ती दृष्टी अशी की, घरात बसणे ही अधोगती असलीच पाहिजे असे नाही. माणूस बाहेर होता तेव्हा खरोखर स्वतंत्र होता का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर प्रामाणिकपणे स्वीकारले.

या संदर्भात धाकटे बंधू जियाउद्दीन यांचे जीवन डोळ्यांसमोर आणावे. ते बुद्धीने तीव्र होते. सलाहुद्दीन यांच्या सेवेत गेले, पुढे त्यांचे पुत्र अल्-अफजल यांचे दमास्कस येथे वजीर झाले. लोक त्यांच्यावर इतके रुष्ट झाले की, अफजल यांची सत्ता गेल्यावर त्यांना कुलूप लावलेल्या पेटीत लपवून शहराबाहेर काढावे लागले. नंतर त्यांनीही ज्ञानसेवा केली आणि कीर्ती मिळवली. पण तो पेटीतील प्रवास इतिहासात राहिला. एक भाऊ हातपाय असून पेटीत बंद झाला आणि दुसरा हातपाय नसून घरात मोकळा राहिला. कैद कशाला म्हणावे आणि मोकळीक कशाला, हे दोघांच्या चरित्रांवरून कळते.

घर जे सर्वांचे झाले

मजदुद्दीन यांनी मोसूलजवळच्या कस्र हर्ब नावाच्या गावी एक रिबात, म्हणजे साधक व वाटसरूंसाठी निवासस्थान, उभारले आणि आपली मालमत्ता त्या रिबातसाठी व मोसूलमधील आपल्या राहत्या घरासाठी वक्फ केली. ज्या घरात आजाराने त्यांना बसवले होते, ते घरच त्यांनी अल्लाहच्या नावे करून टाकले. थोर माणसे आणि विद्वान त्यांच्या भेटीला येत असत. हिजरी ६०६ च्या जिलहिज्जा महिन्याच्या अखेरीस, म्हणजे इ. स. १२१० च्या जून महिन्यात, त्यांचे निधन झाले आणि मोसूल शहरातील दर्ब दर्राज या भागात, त्यांच्या रिबातमध्ये, त्यांचे दफन झाले. ज्यांच्या दरबारात जाण्याचे त्यांनी नाकारले, ते अर्सलान शाहही काही महिन्यांतच जग सोडून गेले. एकाची गादी दुसऱ्याकडे गेली. दुसऱ्याचे ग्रंथ मात्र त्याचेच राहिले.

आपल्या घरासाठी

मजदुद्दीन विद्वान होते, सुस्थितीत होते, मदतीला लेखक होते. आमच्याकडे यातले काय आहे, असा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तथापि त्यांच्या जीवनातून जे घ्यायचे, त्यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट दिवसाची चौकट. घरात बसलेल्या माणसाचे मन बिघडते ते बहुधा सकाळ आणि संध्याकाळ यांतला भेद नाहीसा झाल्यामुळे. पाच वेळची नमाज दिवसाला पाच खांब देते. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून, पाणी सोसत नसेल तर तयम्मुम करून, अशी सवलत दीनने दिली आहे. ही केवळ नमाजची सोय नाही. दिवस कोसळू नये याचीही ती व्यवस्था आहे. फजरनंतर थोडे पठण, दुपारी काही काम, असरनंतर कुटुंबाशी बोलणे आणि इशानंतर विश्रांती, अशी विभागणी कोणालाही करता येते.

दुसरी गोष्ट लहान घटकाचे काम. एक वही आणि एक पेन यांवर वर्षभराचे काम उभे राहते. रोज कुरआनचा एक शब्द अर्थासह लिहावा. रोज एक दुआ पाठ करावी. आजी-आजोबांना ठाऊक असलेली घराण्याची हकीकत, गावातील जुन्या मशिदीची माहिती, कोकणातील, मराठवाड्यातील किंवा खानदेशातील आपल्या बोलीचे विसरत चाललेले शब्द नातवंडांकडून लिहून घ्यावेत. 'निहाया'ही शेवटी विसरले जाणारे शब्द वाचवण्याचेच काम होते. हात चालत नसेल तर जीभ आहे आणि जीभही थकली असेल तर मनातील जिक्र आहे.

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडणे. मोहल्ल्यातील दोन मुलांना कायदा शिकवणे, शेजारणीला पत्र किंवा अर्ज लिहून देणे, एकट्या पडलेल्या नातेवाइकाला रोज फोन करणे, हे पलंगावर बसूनही होते. माझी कुणाला गरज नाही, या विचारावर याहून स्वस्त आणि याहून गुणकारी औषध क्वचितच सापडेल.

चौथी गोष्ट निरोगी माणसांसाठी आहे. मजदुद्दीन यांचे काम झाले कारण माणसे त्यांच्याकडे येत राहिली. रुग्णाला भेटणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे. ही भेट केवळ फळे ठेवून पाच मिनिटांत निघण्याची नसावी. रुग्णाला काही विचारावे, त्याच्याकडून काही शिकावे, त्याला काही काम द्यावे. त्याचा हात व्हावे, म्हणजे त्याचे डोके चालू राहील.

आणि पाचवी गोष्ट मनाची खात्री. निरोगी असताना मनुष्य जी सत्कर्मे करीत असे, ती आजारामुळे सुटली तरी त्यांचा मोबदला अल्लाह त्याच्या नावे लिहीत राहतो, ही शुभवार्ता पैगंबर (स.) यांनी दिली आहे. मशिदीत जाण्याची ज्याची सवय होती आणि आता ज्याला खिडकीतून केवळ अजान ऐकावी लागते, त्याच्यासाठी यापेक्षा मोठा दिलासा कोणता? जे सुटले त्याचा हिशेब अल्लाहकडे सुरक्षित आहे. आपण केवळ जे अद्याप हाती आहे, त्याचा विचार करायचा आहे.

मजदुद्दीन (रह.) यांच्या हाती काय उरले होते? एक खोली, जागृत बुद्धी आणि मदतीला तयार असलेली काही माणसे. तेवढ्यावर त्यांनी पैगंबरी वाणीच्या एकेका शब्दाची सेवा केली आणि ती सेवा सदका-ए-जारिया होऊन आजतागायत चालू आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती, कितीही बिकट प्रसंग असला तरी, काही ना काही उरलेले असतेच.

अल्लाह घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या बंधू-भगिनींना आरोग्य देवो, त्यांच्या सब्रचा मोबदला वाढवो, त्यांच्या रिकाम्या वेळेत बरकत घालो आणि आपणा निरोगी लोकांना त्यांचे हात-पाय होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.